कागद काढून घेतला की माणूस स्वस्त पडतो

आमच्या भागात एखादं पोरगं परदेशातून रिकाम्या हातानं परत आलं की लोक एका वाक्यात त्याचा निकाल लावतात, ‘बेकायदेशीर राहायलता, हाकलून दिला.’ पारावर, सलूनमधी, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं हेच. मला ते ऐकवत नाही आता. माझं परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाईनचं सेंटर आहे, पीकविमा, सातबारा, पॅनकार्ड, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म आणि पासपोर्ट. पासपोर्टला येणाऱ्या पोरांपैकी बरीच हॉटेल लाईनला जातात, दुबई, शारजा, सौदी, कुवेत, कतार. वेटर, हेल्पर, भांडी घासायला, तंदूरवर, शावरमा लावायला. व्हिसाची प्रिंट काढायला पण माझ्याकडंच येतात, म्हणून जाताना त्यांच्या हातात कोणता कागद होता हे मला माहीत असतं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला तुम्ही बेकायदेशीर म्हणायलात तो इथून निघाला तेव्हा त्याच्याकडं कागद होता, तो नंतर कुणीतरी काढून घेतला, आणि ज्यानं काढून घेतला त्याचा त्यात फायदा झाला.

एका पोराचं सांगतो. त्याला विचारून लिहितोय, नाव-गाव देणार नाही. पूर्णेच्या बाजूचं खेडं, घरी तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, दोन बहिणी, एकीचं लग्न झालेलं. पोरगं दहावी पास, बारावीत गेलं राहून, मग एका हॉटेलात तंदूरवर काम शिकलं आणि हात लई चांगला बसला. एका एजंटनं सांगितलं शारजात कॅफेटेरिया आहे, १,२०० दिऱ्हाम पगार, राहणं-खाणं मालकाकडं, दोन वर्षांचा व्हिसा, खर्च सव्वा लाख. सव्वा लाख घरात कुठून असणार, ७० हजार सावकाराकडून शेकडा पाचनं, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार नुसतं व्याजच, बाकीचे आईचे मणी मोडून आणि बहिणीच्या सासऱ्याकडून हातउसने. व्हिसा आला तो विजिट व्हिसा. विचारलं तर एजंट म्हणला, भाऊ सगळे असेच जायलेत, तिथं गेल्यावर चेंज होतो. होतो पण, मालकानं केला तर. सगळं त्या ‘केला तर’वर अडकलेलं असतं आणि ते पोराच्या हातात नसतंच.

पहिल्याच दिवशी मालकानं पासपोर्ट घेतला, ‘व्हिसा लावायला लागतो’ म्हणून. मालक भारतातलाच, गोड हिंदी बोलणारा, पहिले आठ दिवस ‘बेटा, बेटा’. तिकडं कॅफेटेरिया म्हणजे रस्त्याच्या कडंला छोटं दुकान, करक चहा, पराठा, शावरमा, ज्यूस, आणि गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही, हॉर्न वाजवतं, मग पोरानं पळत जाऊन ऑर्डर घ्यायची, पळत येऊन द्यायची, उन्हाळ्यात ४५ डिग्रीत. सकाळी सहाला शटर वर, रात्री एकला खाली, दुपारी दोन तास पडायला मिळालं तर मिळालं. झोपायला एका खोलीत तीन मजली लोखंडी पलंग, दहा जण. पगार म्हणून महिन्याला ५०० दिऱ्हाम हातात, ‘बाकीचे व्हिसाच्या खर्चात कापायलोय’. आता हे कापणंच बेकायदेशीर आहे. यूएईचा, म्हणजे शारजा-दुबई ज्या देशात येतात त्याचा, २०२१ चा कामगार कायदा आहे, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू, त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम, आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. पासपोर्ट ठेवून घ्यायलाही मालकाला परवानगी नाही. पण हा कायदा ज्याच्याकडं वर्क परमिट आणि करार आहे त्याच्या कामाचा, आणि ह्या पोराकडं तेच होऊ दिलं नव्हतं.

विजिट व्हिसाची मुदत संपली आणि तिथून दंड सुरू झाला, दिवसाला ५० दिऱ्हाम, म्हणजे तेव्हाचे अकराशे रुपयांच्या वर. काम करा, झोपा, आजारी पडा, दिवस उजाडला की ५० दिऱ्हाम. मालक मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर काढून दाखवायचा, हे बघ तुझा दंड १० हजार दिऱ्हाम झाला, बाहेर पाय ठेवलास तर पोलिस धरतील, इथं आहेस तोवर मी सांभाळतोय तुला. व्हिसा लावला नाही मालकानं, दंड चढला पोराच्या नावावर, आणि त्या दंडाची भीती दाखवून पगार अर्धा ठेवला तो पण मालकानंच. दर वेळी हा हिशेब मांडला की माझं डोकं फिरतं.

एकदा फ्रायरचं तेल हातावर सांडलं, कोपरापर्यंत. दवाखान्यात गेलं तर ओळखपत्र मागतात म्हणून कुणी नेलं नाही, मेडिकलवरून मलम आणलं, आणि तिसऱ्या दिवशी हाताला प्लास्टिक गुंडाळून परत कामावर. घरी सांगितलं नाही. त्याची आई माझ्याकडं आली होती त्या दिवसात, ‘बाबू, पोरगं व्हिडिओ कॉल उचलंना गेलंय, नुसतं बोलतंय, काय झालं असंल रे?’ मी त्याला मेसेज केला तर म्हणला, दादा आईला सांगू नका, सावकाराचं व्याज जायलंय ना वेळेवर तेवढं बघा.

तक्रार कामून केली नाही, असं मला लोक विचारतात, आणि ज्यांनी कधी दुसऱ्याच्या दारात कागदाशिवाय दिवस काढले नाहीत तेच विचारतात. तक्रार करायची म्हणजे कामगार खात्याला सांगायचं की मी विजिट व्हिसावर काम करायलोय, व्हिसा संपलाय, करार नाही, पासपोर्ट मालकाकडं आहे. म्हणजे आधी स्वतःचा गुन्हा लिहून द्यायचा आणि मग पगार मागायचा. मालकाला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला तिकडं २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिऱ्हाम दंड आहे, कायद्यात. पण तो दंड मालकाला बसायचा असंल तर कुणीतरी तोंड उघडावं लागतं, आणि ज्यानं उघडायचं तो सगळ्यात आधी आत जायची भीती.

तो सुटला ते माफीमुळं. यूएई सरकारनं १ सप्टेंबर २०२४ पासून माफी जाहीर केली, आधी दोन महिने, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, दंड माफ, परत यायला बंदी नाही. शेजारच्या दुकानातल्या एका केरळी चाचानं त्याला सांगितलं आणि फॉर्म पण भरून दिला, त्या माणसाचे उपकार आहेत. पासपोर्ट मालकानं दिलाच नाही, ‘हरवला’ म्हणला, मग भारतीय दूतावासाकडून परत यायचा तात्पुरता कागद काढला, आमची पोरं आऊटपास म्हणतात त्याला, आणि आलं पोरगं. राहिलेला पगार? तो मागायचा तर तिथं थांबावं लागतं, थांबायचं तर व्हिसा लागतो. सरकारनं माफी दिली ती पोराला. ज्यानं जवळपास वर्षभर अर्ध्याहून जास्त पगार खाल्ला त्याचं दुकान चालू आहे, गाड्या हॉर्न वाजवायलेत.

सौदीचा प्रकार थोडा वेगळा, पण जातो तिथंच. तिथं इकामा असतो, राहायचा कागद, आणि तो रिन्यू करायचं काम कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही आलात त्याचं. परदेशी कामगारामागं मालकाला महिन्याला ७०० ते ८०० रियाल लेव्ही भरावी लागते, अगदी छोट्या धंद्यांना त्यात सूट आहे. ज्या मालकाला ती वाचवायची तो इकामा रिन्यू करत नाही, माणूस तर कामावर आहेच, जाणार कुठं. आणि पगारावरून भांडला की ‘हुरूब’ लावतो, म्हणजे हा माझ्याकडून पळून गेला असा रिपोर्ट. एका रिपोर्टमधी माणूस पळपुटा. मग तो लपून दुसऱ्या हॉटेलात भांडी घासतो, तिथला मालक अजून कमी देतो कारण त्याला पण माहीत आहे. अशांना तिकडं सगळे खल्लीवल्ली म्हणतात. आझाद व्हिसा म्हणून विकतात तो पण असलाच, नावाला एक कफील, त्याला वर्षाला पैसे मोजा आणि काम दुसरीकडं शोधा, पण कफील सोडून कुठंही काम केलं की कायद्यानं गुन्हाच. कागद विकत घेऊन बिनकागदाचं व्हायचं, असा तो सौदा आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. बीड, परभणी, जालना, धाराशिवची माणसं ऊस तोडायला जातात ती उचलीवर जातात, मुकादम कोयत्यामागं आगाऊ पैसे देतो आणि मग पूर्ण हंगाम ती उचल फेडण्यात जातो, फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच टोळीत. कर्ज आधी, काम नंतर, हे आपल्या हाडात गेलंय. फरक एकच, ऊसतोडीत उचल मुकादम देतो, आणि आखातातल्या हॉटेलला जाणारं पोरगं स्वतःच सावकाराकडून उचल काढून ती एजंटला देतं. म्हणजे बांधलं जायचे पैसे पण आपणच भरायचे. पळून यायचं मनात आलं तरी इथला साडेतीन हजाराचा हप्ता डोळ्यापुढं उभा राहतो. शारजातल्या मालकाला त्या सावकाराचं नाव सुद्धा माहीत नाही, पण त्याचं काम सावकारच करून देतो.

आता आपल्या सरकारचं. १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे, म्हणजे देशाबाहेर कामाला जाणाऱ्यांचा, त्यात १८ देश ठरवलेत, सगळा आखात त्यात येतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्का असतो, त्याला नोकरीसाठी जाताना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून क्लिअरन्स घ्यावा लागतो, करार तपासतात, १० लाखाचा अपघाती विमा असतो, तो पण अडीचशे-चारशे रुपयांच्या आतबाहेरच्या हप्त्यात. आणि लायसन असलेल्या एजंटनं कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घ्यायचं. सव्वा लाख नाही! कागदावर चांगली व्यवस्था आहे. पण दहावी पास झाला की हा क्लिअरन्स लागतच नाही, कायदा असं धरून चालतो की दहावी झालेलं पोरगं स्वतःचं बघून घेतंय. आमच्याकडं आता दहावी कोण पास होत नाही, सगळेच होतात. आणि विजिट व्हिसावर जाणारा तर नोकरीला चाललाच नाही, फिरायला चाललाय, अशी नोंद. म्हणजे ज्याला खरी गरज होती तोच ह्या जाळीतून सरळ खाली पडतो, आणि त्याच्या बाबतीत काही झालं तर आपल्या सरकारकडं तो तिथं कामाला होता ह्याचाच पुरावा नाही. पूर्णेच्या पोराच्या एजंटचं नाव मी ई-मायग्रेटवरच्या रजिस्टर्ड यादीत शोधलं, नव्हतं.

कुणाला वाटंल अरब देशात असंच असतं. अजिबात नाही. अमेरिकेत कायदा म्हणतो की किमान वेतन आणि ओव्हरटाईम कामगाराला मिळालाच पाहिजे, कागद असो नसो, १९३८ चा कायदा आहे तो. पण १९८६ मधी दुसरा कायदा आला की कागद नसलेल्याला कामाला ठेवणं बेकायदेशीर, आणि २००२ मधी तिथल्या सुप्रीम कोर्टानं एका केसमधी पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की युनियनच्या कामामुळं बेकायदा काढलेल्या कामगाराला बुडालेला पगार मिळणार नाही, कारण त्याच्याकडं कागद नव्हते. काढणारा मालक चुकला हे मान्य, तरी पगार नाही. ब्रिटनमधी २०१६ पासून बिनकागदी काम करणं हाच गुन्हा केला, कमावलेला पगार पण सरकार जप्त करू शकतं. कायदा करताना सगळे म्हणतात मालकाला धडा शिकवायचाय. धडा किचनच्या मागच्या दारातून पळणाऱ्यालाच मिळतो.

आणि मालक आपला असला म्हणून काही वेगळं होत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत लकिरेड्डी बाली रेड्डी म्हणून आंध्रचा माणूस, शहरातला मोठा घरमालक, रेस्टॉरंट चालवायचा. स्वतःच्या गावाकडच्या गरीब घरातल्या पोरी आणि माणसं खोट्या कागदांवर नेली, हॉटेलात आणि बिल्डिंगमधी राबवली, पोरींवर अत्याचार केले. नोव्हेंबर १९९९ मधी त्याच्या एका फ्लॅटमधी गॅसनं गुदमरून एक पोरगी मेली, १७ वर्षांची, तेव्हा हे बाहेर आलं. तिथल्या शाळेतल्या दोन विद्यार्थिनींनी शाळेच्या पेपरात पहिल्यांदा लिहिलं की ह्या वयाची पोरगी शाळेत कामून नव्हती. एवढ्या मोठ्या गावात हा प्रश्न शाळकरी पोरींना पडला. २००१ मधी त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच देशात दुसरं पण झालेलं आहे आणि ते मला मुद्दाम सांगायचंय. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधी वरच्या मजल्यांवर विंडोज ऑन द वर्ल्ड नावाचं रेस्टॉरंट होतं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात तिथले सत्तरहून जास्त कामगार मेले, बरेचसे बाहेर देशातून आलेले. जे वाचले त्यांची नोकरी गेली, त्यातून २००२ मधी हॉटेल कामगारांची संघटना उभी राहिली, फेकाक ममदूह नावाचा तिथलाच वेटर आणि सारू जयरामन नावाची वकील ह्यांनी काढलेली. कागद आहे-नाही न बघता सगळ्यांना घेतलं आणि मोठ्या मोठ्या रेस्टॉरंटांकडून बुडवलेले पगार वसूल केले. एकटा माणूस गेला तर त्याला कागद विचारतात, शंभर जण दारात उभे राहिले तर मालकाला हिशेब विचारता येतो. सौदीत, यूएईत युनियन काढायला परवानगीच नाही, आमच्या पोरांचं सगळ्यात मोठं दुखणं मला तर हेच वाटतं, पगारापेक्षाही.

इकडं आपल्याकडं बघा. परभणी, नांदेड, संभाजीनगर, कोणत्याही चायनीजच्या गाडीवर किंवा बायपासच्या धाब्यावर नेपाळची, बिहारची, आसामची पोरं आहेत. नेपाळच्या पोराला १९५० च्या करारामुळं इथं राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, तो पूर्ण कायदेशीर आहे. तरी आधारकार्ड किंवा नागरिकता पत्र मालकाच्या गल्ल्यात, सुट्टी नाही, पगार ‘गावी जाताना एकदम देतो’. राज्याचा दुकानांचा कायदा २०१७ मधी नवीन झाला तेव्हाच १० पेक्षा कमी माणसं असलेली हॉटेलं त्याच्या मुख्य अटींतून बाहेर ठेवली, आणि धाब्यावर तेवढी माणसं रजिस्टरला कोण दाखवतो. माझ्याकडं एक धाबेवाले काका फूड लायसनला आले होते, त्यांच्या पिशवीत पाच जणांचे आधारकार्ड रबर लावून ठेवलेले. मी म्हणलं काका हे त्यांच्याकडं पाहिजेत. तर म्हणाले, अरे दिले की पळून जातात. मी त्यांना तिथंच सांगितलं की पगार वेळेवर दिला तर कशाला पळतील, आणि पूर्णेच्या पोराचं सगळं ऐकवलं. काका गप बसले. पाच कार्डांपैकी किती परत दिली मला माहीत नाही, मी मात्र परत भेटले की विचारणार आहे.

आता माझ्याकडं हॉटेल लाईनला जाणारं पोरगं आलं की फॉर्म भरायच्या आधी बसवतो. व्हिसा एम्प्लॉयमेंटचा आहे का विजिटचा ते आधी वाचून दाखवतो, विजिट असला तर घरच्यांना बोलवून घेतो आणि त्यांच्यासमोर सांगतो. दहावी पास असला तरी एजंटचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत बघतो. पासपोर्ट, व्हिसा, ऑफर लेटर ह्याचे फोटो त्याच्या ईमेलवर, आईच्या मोबाईलवर आणि बहिणीच्या मोबाईलवर, तिन्ही ठिकाणी. एजंटला पैसे देताना रोख द्यायचे नाहीत, खात्यावर द्यायचे, तो नाही म्हणला तर तिथंच समजायचं. आणि तिथं गेल्यावर रोज किती वाजता कामाला लागलो, किती वाजता सुटलो, किती पैसे हातात आले हे स्वतःलाच व्हॉट्सअपवर लिहून ठेवायचं. कधी ना कधी वकिलापुढं, दूतावासापुढं हेच लागतं. काही पोरं कंटाळतात, एजंट तर मला शिव्या देतात, गिऱ्हाईक तोडतो म्हणून.

पूर्णेचं पोरगं आता पुण्यात एका हॉटेलात तंदूरवर आहे, हात बरा झालाय, बोटं पूर्ण वळत नाहीत अजून. त्याची एजंटविरुद्ध फसवणुकीची तक्रार आम्ही ठाण्यात दिलीय, फोन-पेचे ४० हजाराचे स्क्रीनशॉट लावून, बाकीचे रोख दिले होते त्याला साक्षीदार शोधायलोत. सावकाराचं वेगळं प्रकरण, २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं अर्ज केलाय, कारण त्याच्याकडं लायसन नाही आणि शेकडा पाच महिन्याला कोणत्याच कायद्यात बसत नाही. आई घाबरत होती, गावातला माणूस आहे, उद्या परत गरज पडली तर कोण देईल म्हणून. शेवटी तिनंच अंगठा केला. दोन्ही अर्जांची पोच घेतलीय. निबंधकाकडं सुनावणीची तारीख लागली की इथं टाकतो, अजून कुणाचं त्या एजंटकडं किंवा दुसऱ्या कुठल्या एजंटकडं असं अडकलं असंल तर सेंटरवर या, कागद नसले तरी या.